आजोबांना दिलेलं खोटं उत्तर

(१९८६ च्या दहावीच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून दिलं आहे. शेवटी चार ओळी नंतर जोडल्या आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'माझे आजोबा'. वर सूचना अशी की, दहा-पंधरा मिनिटं बोल आणि जेवणाच्या आधी कुणाला रडवू नकोस. पहिली अट पाळायचा प्रयत्न करतो.

खरं म्हणजे माझे आजोबा माझ्या एकट्याचे नव्हतेच. इथे बसलेल्यांपैकी निदान दहा-बारा जणांनी त्यांचा ओरडा खाल्लेला आहे. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीबाहेर, गॅलरीत बाकड्यावर बसलेले. अंगात बंडी, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, कपाळावर डाव्या भुवईच्या वर एक खोक. आठवले? आम्ही घरात त्यांना 'आजो' म्हणायचो. मालवणी घर आमचं. मग तुम्हीही सगळे त्यांना आजोच म्हणायला लागलात, घाटावरचे असलेले सुद्धा.

आजो वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी गावाहून बोटीने मुंबईत आले. भाऊच्या धक्क्यावर उतरले तेव्हा हातात एक वळकटी आणि गाववाल्याचा पत्ता, एवढंच. आधी बरीच वर्षं बदली कामगार. म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणी कायमवाला गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी परत. मग साचेखात्यात कायम झाले. दोन साचे सांभाळायचे. निवृत्त होईपर्यंत विणकरच राहिले. जॉबर व्हावं असं त्यांना कधी वाटलं नाही. म्हणायचे, 'माणसांवर वरडण्यापरास साच्यावर वरडलेला बरा.'

कपाळावरची खोक धोट्याची. धोटा म्हणजे साच्यात आडवा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे पळणारी लाकडी होडी. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. तो कधी कधी साच्यातून उडायचा आणि समोर जो असेल त्याला लागायचा. आजोंना लागला तेव्हा दोन टाके पडले. तसलाच एक जुना, झिजलेला धोटा त्यांनी घरी आणून ठेवला होता. आमच्या खोलीत तो पेपर उडू नये म्हणून वजन ठेवायच्या कामाला यायचा. माझ्या सगळ्या वह्यांची कव्हरं त्याच धोट्याखाली दाबून सरळ झालेली आहेत.

साचेखात्याने आजोंचे कान नेले. शेकडो साचे एका वेळी चालत असताना शेजारी उभ्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही. तीस-पस्तीस वर्षं त्या आवाजात काढल्यावर कान राहणार कसे? त्यामुळे ते बोलायचे ते सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं. मला शाळेतून यायला उशीर झाला की माझ्या नावाची हाक पार नाक्यावरच्या वाण्याकडे पोचायची. तुम्ही सगळे त्या हाकेची नक्कल करायचात. मीही करायचो.

पण कान गेले तरी एक विद्या त्यांना मिळाली होती, आणि तिने आपल्या सगळ्यांचा घात केलेला आहे. साचेखात्यातली माणसं एकमेकांशी ओठांवरून बोलतात. आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, समोरच्याने वाचायचे. चार साचे पलीकडचा माणूस काय म्हणतोय, ते त्यांना कळायचं. आता विचार करा, हा माणूस दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसलेला आणि आपण खाली अंगणात उभे राहून कुजबुजतोय की उद्या शाळेला दांडी मारून भारतमाताला सिनेमा बघायचा! आपल्याला वाटायचं, म्हातारा बहिरा आहे. आणि संध्याकाळी चार घरांत चार पोरांना मार पडायचा. आपल्यात फितूर कोण, यावर आपण किती दिवस एकमेकांवर संशय घेतला! ते गुपित मला सातवीत कळलं, पण तुम्हाला सांगितलं नाही. मला ते गॅलरीतून सांगायचे, खालून कोण येतंय आणि काय बोलत येतंय.

आजोंचं दुसरं मोठं कौशल्य म्हणजे गाठ. साच्यावर धागा सतत तुटतो. तुटला की साचा थांबवायचा, दोन टोकं बोटांत धरून गाठ मारायची आणि साचा पुन्हा चालू. ही गाठ इतकी लहान आणि चपटी असावी लागते की ती फणीतून अडकल्याशिवाय गेली पाहिजे, आणि इतकी पक्की की ताणली तरी सुटता कामा नये. आजो डोळे मिटून मारायचे. संक्रांतीला चाळीतली पोरं तुटलेला मांजा घेऊन आमच्या दारात रांग लावायची. चार-चार तुकडे जोडून आजो मांजा परत करायचे, आणि बोट फिरवलं तरी गाठ कुठे आहे ते कळायचं नाही. मला ती गाठ शिकवायला त्यांनी अख्खी मे महिन्याची सुट्टी घालवली. आज एवढ्या वर्षांनी मला ती येते. माझ्या मुलाला शिकवायला गेलो, तर तो म्हणाला, 'बाबा, हे कशाला लागतं?' मला पटकन उत्तर देता आलं नाही.

आणि जूनमधली गणवेशाची खरेदी! दुकानदार खाकी ड्रिलचा तागा उलगडायचा. आजो कापड अंगठा आणि बोटात धरून चोळायचे, मग उजेडाकडे धरून बघायचे. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, 'शेट, ह्येच्यात खळ जास्त आणि सूत कमी आसा. दोन धुण्यात चाळण होतली.' दुकानदार घाईघाईने आतून दुसरा तागा काढायचा. शरमेने मी तोंड फिरवून उभा राहायचो. पण माझी चड्डी दोन वर्षं टिकायची, आणि मग धाकट्या भावाला एक वर्ष.

तर असे आमचे आजो. आता मी ज्यासाठी इथे उभा राहिलो आहे, तिकडे येतो.

आपण सहावीत होतो. संक्रांत झाली आणि चारच दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ ला, संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. आपल्या वर्गातल्या अर्ध्याहून जास्त जणांचे वडील त्यात होते. पहिले आठ-दहा दिवस आपल्याला मजाच वाटली. वडील दिवसा घरी! नरे पार्कात मोठी माणसं आपल्याबरोबर क्रिकेट खेळायची. फक्त एक गोष्ट विचित्र वाटायची, भोंगे बंद झाले होते. आपली घड्याळं म्हणजे ते भोंगेच. आजोंना भोंगाही नीट ऐकू यायचा नाही, पण पहाटेच ते उठून बसायचे आणि विचारायचे, 'झालो काय रे भोंगो?' आई म्हणायची, 'नाही हो मामंजी, संप आहे.'

मग मे आला, जून आला. बाकी काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. दूध बंद, चहा कोरा. आईने पापड लाटायला घेतले. गावाहून काकांनी उकड्या तांदळाचं पोतं पाठवलं. आजोंच्या फंडाचे पैसे होते, त्यातून ते दर महिन्याला थोडे काढायचे. सातवीची पुस्तकं मला आपल्याच शाळेतल्या एका बाईंनी वरच्या वर्गातल्या मुलांकडून जमवून दिली. बाई, तुम्ही आज आलेल्या आहात. तुम्ही ती पुस्तकं देताना म्हणालात, 'ही जुनी आहेत, पण धडे तेच आहेत.' ते वाक्य मी विसरलेलो नाही. त्या वर्षी आपल्या वर्गातली पाच-सहा मुलं गावाला गेली ती परत आलीच नाहीत. त्यांच्यातले दोघे आज संयोजकांनी शोधून आणले, त्यांच्यासाठी आपण मघाशी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतर काही गिरण्या थोड्या थोड्या सुरू झाल्या. काही माणसं आत जायला लागली. पोलिसांच्या बंदोबस्तात, मागच्या दाराने, डबा पिशवीत लपवून. आपल्या वर्गातल्या एका मित्राचे वडील आत गेले. त्याचं नाव मी घेणार नाही. तो आज इथे आहे. गेल्या आठवड्यात मी त्याला फोन करून विचारलं, 'तुझ्याबद्दल बोललो तर चालेल का?' तो म्हणाला, 'बोल, पण नाव घेऊ नकोस.' काय बोलणार, ते त्याने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

आपण काय केलं ते आठवतं का? कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून डब्याच्या सुट्टीत त्याच्याजवळ कुणी बसेना. क्रिकेटमध्ये त्याला घेईना. तो आला की बोलणं थांबायचं. तो माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा, आणि त्याच्याशी बोलणं सगळ्यांत आधी मी बंद केलं. माझे वडील अजून बाहेर होते ना! मला वाटायचं, मी पण संप करतोय.

मग एके दिवशी सकाळी त्याच्या बाकावर, पट्टीच्या टोकाने कोरून आणि वर खडू घासून, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं सापडलं : फितूर.

सर, तुम्ही वर्गशिक्षक होता. तुम्ही विचारलंत, 'कुणी लिहिलं?' कुणी उठलं नाही. तुम्ही सगळ्या वर्गाला दोन तास बाकावर उभं केलंत. तोही उभा राहिला, त्याच बाकावर, त्या अक्षरांवर पाय ठेवून. मला ते चित्र आजही दिसतं.

सर, ते मी लिहिलं होतं.

(इथे जरा थांबावं लागलं.)

त्या दिवशी संध्याकाळी अंगणात उभा राहून मी दुसऱ्या एका मित्राला फुशारकीने सांगत होतो, कसं लिहिलं, कधी लिहिलं, आणि कसं सापडलो नाही. हळू आवाजात. आणि दुसऱ्या मजल्यावर आजो बसलेले होते, हे मी विसरलो.

रात्री जेवताना ते काही बोलले नाहीत. वडिलांना काही सांगितलं नाही. आम्ही दोघं गॅलरीत झोपायचो, तिथे अंथरुणं घातल्यावर त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या मानाने अगदी हळू विचारलं : 'कोणाच्या बाकार लिवलंस रे झिला?'

मी सांगितलं. वर हेही म्हटलं, 'त्याचे बाबा आत गेले. आपले बाबा उपाशी बसलेत.' मला वाटलं होतं, ते शाबासकी देतील. आजो जुने युनियनवाले. पन्नास सालचा बोनसचा संप त्यांनी केलेला होता. दोन महिन्यांवर चाललेला तो संप. त्याच्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाज आणखी चढायचा.

ते म्हणाले, 'संप गिरणीचो आसता. पोरांचो नसता.'

मग बराच वेळ गप्प राहिले. नंतर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांच्या संपाच्या गोष्टींमध्ये कधी आली नव्हती. त्यांचा एक मित्र होता, त्यांच्याच गावचा. दोघं एकाच बोटीने आले, एका खोलीत राहिले, एकाच खात्यात लागले. पन्नासच्या संपात तो मित्र शेवटच्या दिवसांत आत गेला. घरी पोर आजारी होतं. आजोंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. संप संपला, दोघं पुन्हा शेजारी शेजारी साच्यांवर उभे राहिले, तरी बोलले नाहीत. तो ओठ हलवायचा, आजो मान फिरवायचे. ओठांवरून बोलणाऱ्या माणसाशी भांडण सोपं असतं. बघायचंच नाही, म्हणजे ऐकूच येत नाही. पुढे तो मित्र गावी गेला, आणि तिकडेच वारला.

'आता बोलाचा खूप आसा,' आजो म्हणाले, 'पण तो खंय आसा?'

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून त्या मित्राच्या घरी नेलं. आपल्याच मागच्या गल्लीत. वाटेत एक नारळ घेतला, रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं नाही म्हणून. माझ्या वडिलांना हे आवडलं नव्हतं. ते आजोंना एवढंच म्हणाले, 'तुम्ही जाताय तर जा, मी अडवत नाही.' आम्ही दारात उभे राहिलो तेव्हा त्या मित्राच्या आईचा चेहरा पांढरा पडला. गेले कित्येक दिवस त्यांच्या दारात कुणी आलं नव्हतं. त्याचे वडील घरीच होते. आजोंनी नारळ त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात, जो सगळ्या चाळीला ऐकू गेला असणार, विचारलं, 'खंयच्या साच्यावर घातल्यानी तुमका?' आणि मग ते दोघे साच्यांबद्दल बोलत बसले. संपाचा शब्द नाही. त्या माऊलीने आम्हाला दुधाचा चहा दिला. कित्येक महिन्यांनी मी दुधाचा चहा प्यालो, आणि तो घशाखाली उतरेना.

मी आणि तो मित्र कोपऱ्यात बसलो होतो. आजो मधून मधून माझ्याकडे बघत होते. मी काय करायचं ते मला माहीत होतं. 'तो मी' एवढे दोन शब्द. पण मी म्हटलं, 'उद्या क्रिकेटला ये.' तो म्हणाला, 'येतो.'

परत येताना आजोंनी विचारलं, 'सांगितलंस?' मी मान हलवली, नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'आज नाय तर फाल्यां सांग. पण सांग.'

तो क्रिकेटला आला. हळूहळू बाकीचेही त्याच्याशी बोलायला लागले. दहावीपर्यंत आम्ही एकत्र अभ्यास केला. गणित त्याने मला शिकवलं, हे आपल्या सगळ्या वर्गाला माहीत आहे. पण ते दोन शब्द राहिले ते राहिलेच. जितकी मैत्री वाढत गेली, तितकं ते अवघड होत गेलं.

संप कधी मागे घेतला गेला नाही. तो तसाच विरून गेला. माझ्या वडिलांना गिरणीने परत घेतलं नाही. त्यांनी मग एका दुकानात काम धरलं, आणि शेवटपर्यंत तेच केलं. आणि ज्याच्या वडिलांना मी फितुराचं नाव दिलं, त्यांचीही गिरणी चार-पाच वर्षांत बंद झाली. आत गेलेले आणि बाहेर राहिलेले, सगळे शेवटी एकाच रांगेत येऊन उभे राहिले. हे आम्हा पोरांना तेव्हा कोण सांगणार? आजोंना बहुतेक ते दिसत होतं.

दहावीचा निकाल लागला. मी पेढे घेऊन आजोंच्या पाया पडलो. तोपर्यंत त्यांचा खोकला वाढला होता. कापसाची धूळ आयुष्यभर छातीत गेलेली. केईएमच्या फेऱ्या चालू होत्या, आणि गणपतीला गावी जायचं ते आता कायमचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. पेढा हातात घेऊन त्यांनी पहिला प्रश्न मार्कांचा विचारला नाही. विचारलं, 'तेका सांगितलंस?'

आणि मी म्हटलं, 'हो, सांगितलं.'

ते म्हणाले, 'बरा केलंस.' आणि पेढा खाल्ला.

माझ्या ओठांवरून त्यांना सगळं वाचता यायचं. ते खोटं त्यांनी वाचलं की नाही, मला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात ते गावी गेले. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांचा धोटा माझ्याकडे आहे, आज मी तो बरोबर आणलाय. पलीकडच्या टेबलावर जुन्या फोटोंच्या वर वजन म्हणून ठेवलेला आहे, फोटो उडू नयेत म्हणून. त्याचं जुनंच काम त्याला दिलंय.

आता गिरण्यांच्या चिमण्याही फारशा राहिल्या नाहीत. तिथे मॉल आले, टॉवर आले. आपल्यातले काही जण त्या टॉवरमधल्या ऑफिसांत कामाला आहेत, काही जण बदलापूर-विरारला राहायला गेले. तक्रार म्हणून सांगत नाही. आजो असते तर त्यांनी मॉलमधल्या दुकानात शिरून शर्टाचं कापड चोळून बघितलं असतं, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा निकाल दिला असता, एवढंच.

मित्रा, तुझं नाव घेत नाही, शब्द दिलाय. सातवीत तुझ्या बाकावर कोरलं ते मी. तुझ्या आईच्या हातचा चहा प्यालो तरी बोललो नाही. गणित तुझ्याकडून शिकलो तरी बोललो नाही. त्याची क्षमा मागतो. तुझे वडील आज नाहीत, त्यांचीही मागतो. आणि सर, माझ्यापायी सगळा वर्ग दोन तास उभा राहिला, त्यासाठी तुमची आणि या सगळ्यांची.

पंचवीस वर्षांपूर्वी आजोंना दिलेलं उत्तर आज खरं झालं.

(स्मरणिकेसाठी जोडलेल्या ओळी : मी खाली उतरलो तेव्हा सरांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, 'दोन तास बाकी आहेत तुझे. जेवण झाल्यावर बाकावर उभा राहा.' तो मित्र जेवणाच्या रांगेत माझ्या मागे येऊन उभा राहिला. ताट घेईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मला त्याच दिवशी कळलं होतं. फितूरमधला फ असा उलटा फक्त तूच काढायचास.' मी विचारलं, 'मग बोलला का नाहीस?' तो म्हणाला, 'तुझ्या आजोबांनी नारळ आणला होता ना.')